गोळी आपली, ताण माशाचा

झेब्रा मासा नव्या टाकीत सोडला की आधी तळ गाठतो. लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर, अंगावर निळे पट्टे. अनोळखी पाणी म्हणजे धोका, हे त्याच्या अंगात मुरलेले. म्हणून तो खाली दडून राहतो, मधूनच जागच्या जागी गोठतो आणि काही घडत नाही असे दिसले की हळूहळू वर सरकू लागतो. वर यायला किती वेळ घेतला, एकंदर किती वेळ वरच्या भागात काढला, किती वेळा गोठला, याची कॅमेऱ्यावर मोजणी होते. मग शरीरातले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मोजायचे. एवढ्याशा जिवातून पुरेसे रक्त निघत नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी अख्खा मासाच कुटून त्याच्या अर्कात हे संप्रेरक तपासतात.

आता या पाण्यात मधुमेहाचे औषध मिसळायचे. मेटफॉर्मिन घेऊ, कारण आपल्याकडे शुगरची पहिली गोळी बहुधा तीच असते. औषधातला मासा लवकर वर आला, त्याचे कॉर्टिसॉल कमी भरले, तर निष्कर्ष निघतो की हे औषध ताण हलका करते. मग बातमी होते: मधुमेहाच्या गोळीने चिंताही पळते.

असा प्रयोग का करावासा वाटतो, हे समजण्यासारखे आहे. ताण आला की कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन यकृताला साखर सोडायला लावतात. मेटफॉर्मिनचे मुख्य काम यकृतातली साखरनिर्मिती आवरण्याचे. म्हणजे दोघांची गाठ एकाच दारात पडते. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीच्या आसपास आढळते, हेही जुने निरीक्षण आहे. शिवाय औषध जुने आणि स्वस्त. १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना दिले, तेव्हापासून त्याची सुरक्षितता लाखो माणसांवर पारखली गेली आहे. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीने देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्यांतल्या काहींचा मनस्ताप त्याच गोळीने कमी होणार असेल, तर कुणाला नको आहे?

मासाही सोयीचा. उंदरांना प्राणिगृह हवे, पिंजरे हवेत, रोजची साफसफाई करणारा माणूस हवा. झेब्रा मासे एका खोलीत शेकड्यांनी मावतात, मादी एका खेपेला शंभराच्या घरात अंडी देते, तीन महिन्यांत पिल्लू वयात येते. त्याच्या जनुकांचा पूर्ण आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोडीदार सापडले. ताणाच्या बाबतीत तर तो उंदराहून आपल्याला जवळचा, कारण उंदराचे मुख्य ताण-संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन, माशाचे आणि आपले कॉर्टिसॉल. मराठवाड्यात फार्मसी महाविद्यालयांची दाटी आहे. प्रबंधाला विषय आणि मार्गदर्शकाला शोधनिबंध हवा असताना हा मासा आज ना उद्या आपल्याकडच्या प्रत्येक विभागात पोचणार. (गंमत म्हणजे तो मुळात इथलाच. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली ती कोसी नदीच्या खोऱ्यातली. अमेरिकेत ओरेगॉनला जाऊन तो मोठा झाला, आणि आता आपण त्याच्याकडे परदेशी पाहुणा म्हणून बघतो.)

या प्रयोगांना माझा विरोध नाही. मासा मरतो म्हणून प्रयोगच बंद करा, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. पण मराठवाड्यात बसून मधुमेहाचे औषध, ताण आणि मासा हे तीन शब्द एका ओळीत वाचले की मला दुसराच प्रयोग आठवतो, आणि तो आपल्याकडे कुणी करत नाही याचे वाईट वाटते. आपण माशाला आपल्या मनाविषयी विचारतो आहोत. त्याच्या स्वतःच्या पाण्यातल्या या औषधाविषयी त्याला इथे कुणी विचारलेले नाही.

त्याआधी माशाची बाजू मांडायला हवी, कारण ‘माशावरून माणसाचे काय कळणार’ असे हिणवणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. इन्सुलिनच्या इतिहासात कुत्र्यांची नावे येतात, माशांची विसरली जातात. काही समुद्री माशांमध्ये इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची बेटे स्वादुपिंडात विखुरलेली नसून वेगळ्या गाठीसारखी असतात. टोरोंटोच्या मॅक्लाउड यांनी १९२२ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्यावर जाऊन अशा माशांच्या गाठींचा अर्क काढला आणि रक्तातली साखर उतरवणारा पदार्थ त्या बेटांमध्येच असतो हे दाखवले. दुसऱ्या महायुद्धात जपानने माशांपासून इन्सुलिन काढून वापरले. आज ज्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची संभाजीनगरपासून शिकागोपर्यंत चर्चा आहे, त्यांच्या मुळाशीही एक मासा आहे: १९८० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत बोस्टनच्या हेबनर यांच्या प्रयोगशाळेत अँग्लरफिशच्या ग्लुकॅगॉन या संप्रेरकाचे जनुक वाचले गेले, आणि त्यातून या इंजेक्शनांमागच्या जीएलपी-१ या संप्रेरकाच्या शोधाची वाट उघडली. माशाने मधुमेहींना पुष्कळ दिले आहे.

पण या सगळ्या गोष्टी रेणूंच्या आहेत. इन्सुलिन माशाचे असो की माणसाचे, त्याचे काम तेच. ताण हा तसा रेणू नाही.

माशाला दीर्घकाळचा ताण कसा देतात, ते बघा. कित्येक दिवस, दिवसातून दोनदा, वेळ बदलून बदलून त्याला छळायचे: कधी जाळीने पाठलाग, कधी पाणी एकदम गार किंवा गरम, कधी इवल्याशा भांड्यात दाटीवाटी, कधी या टाकीतून त्या टाकीत. यातला एक प्रकार मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकलो. टाकीतले पाणी इतके उतरवायचे की माशाची पाठ उघडी पडली पाहिजे. पुढे काय येणार याचा अंदाजच बांधता येऊ नये, हे या पद्धतीचे मर्म, आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये ती झेब्रा माशावर रीतसर बसवली. प्रयोग म्हणून ती चोख आहे. मात्र हा ताण जालन्याच्या मोसंबीवाल्याने बागेला दिलेल्या ताणासारखा असतो: पाणी कधी तोडायचे आणि कधी सोडायचे हे देणाऱ्याला पक्के ठाऊक, आणि संपल्यावर झाड फुलणार याची खात्री.

बीडहून दिवाळीनंतर कारखान्यावर निघालेल्या ऊसतोड जोडप्याचा ताण असा नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेल की पुढच्या हंगामावर चढेल, हे त्यांना ठाऊक नसते. त्यातल्या बाईला शुगर असेल, तर गावच्या आरोग्य केंद्रातून मिळालेल्या गोळ्या कोपीत किती दिवस पुरणार आणि संपल्यावर परक्या जिल्ह्यात कोण देणार, हा ताणाचाच भाग. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा घागरीच्या रांगेत उभ्या असलेल्या मधुमेही माणसाचे कॉर्टिसॉल काय असेल, हे सांगायला मासा लागत नाही. त्याच्यासाठी औषध काय, हेही आपल्याला ठाऊक आहे, आणि ते गोळीच्या पाकिटात येत नाही. माशाचा ताण उतरवणारे औषध सापडले तर आनंदच. पण या भागातल्या ताणावरचा उपाय टाकीत सापडेल अशी आशा लावणे म्हणजे मूळ प्रश्नावर पांघरूण घालणे.

कारागिरीचेही प्रश्न आहेत, आणि छोट्या महाविद्यालयांत ते मोठे होतात. मासे कुठून आणले? बहुतेकदा शोभेच्या माशांच्या दुकानातून. त्यांचे वंश, वय, आधीचे हाल काहीच माहीत नसते. झेब्रा माशाला साधारण २८ अंशांचे पाणी मानवते. एप्रिलमध्ये परभणीत पारा बेचाळीसवर आणि त्यात दुपारची वीज गेलेली, अशा वेळी टाकीतला मासा औषधाआधीच ताणात असतो. तो कळपात राहणारा. मोजणीसाठी एकटा ठेवला की तोही ताणच. औषधाच्या एका टाकीत वीस मासे ठेवून त्यांना वीस स्वतंत्र नमुने समजणे ही तर नेहमीची चूक, कारण त्या टाकीत काही बिघडले तर विसांचेही एकदमच बिघडते. आणखी एक सापळा असा की शांत झालेला मासा आणि नुसता सुस्तावलेला मासा कधी कधी सारखेच आकडे देतात. म्हणून तो एकूण किती अंतर पोहला हे मोजलेच पाहिजे. माझ्या ओळखीतल्या एका विद्यार्थिनीच्या एम. फार्म. प्रबंधात औषधाचा काहीच परिणाम दिसला नाही. मार्गदर्शकांनी तिला मात्रा वाढवून पुन्हा करायला सांगितले. ‘काही दिसले नाही’ हेही उत्तर आहे आणि त्यासाठीही तेवढेच मासे मेले आहेत, हे तिला कुणी सांगितले नाही.

मात्रा हाच खरा मुद्दा आहे. माणसाच्या उपयोगाचे काही दिसावे म्हणून प्रयोगात औषध लिटरमागे मिलिग्रॅमच्या हिशेबात घालतात. नदीत ते असते मायक्रोग्रॅममध्ये किंवा त्याहून कमी, म्हणजे हजार पटींनी आणि अधिकही विरळ. माणसासाठीचा प्रयोग आणि नदीसाठीचा प्रयोग, दोन्हींत मासा तोच, औषध तेच, टाकी तीच. पण पहिल्या प्रयोगात मासा आपल्या जागी उभा असतो आणि दुसऱ्यात स्वतःच्या.

आणि नदीत हे औषध कसे येते? मेटफॉर्मिनचे वैशिष्ट्य असे की शरीर त्याची काहीच मोडतोड करत नाही. निम्म्याहून थोडे अधिक औषध रक्तात शिरते आणि लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते. उरलेले आतड्यातून सरळ निघून जाते. म्हणजे रोज एक ग्रॅम घेणारा माणूस रोज जवळपास एक ग्रॅम गटारात सोडतो. एखाद्या शहरात असे दहा हजार रुग्ण धरा. रोजचे दहा किलो, वर्षाचे साडेतीन टन. सांडपाणी प्रक्रिया केंद्र चांगले चालले तर जिवाणू त्यातले बरेच ग्वानिलयुरिया नावाच्या पदार्थात बदलतात, पण तो पदार्थ स्वतः चिवट असतो आणि पाण्यात टिकून राहतो. केंद्र नीट चालत नसेल, किंवा नाला थेट नदीत उतरत असेल, तर हिशेब आणखी सोपा होतो. २०२२ मध्ये १०४ देशांतल्या २५८ नद्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. सर्वाधिक वेळा सापडलेल्या औषधी द्रव्यांत मेटफॉर्मिन होते, निम्म्याहून जास्त ठिकाणी.

गोदावरी मराठवाड्यात येते ती नाशिकचे पाणी घेऊन. पैठणच्या नाथसागर जलाशयात ती अडते आणि तेच पाणी संभाजीनगर आणि जालना पितात. खाली नांदेडला शहराचे नाले पुन्हा तिच्यातच. पैठणपासून नांदेडपर्यंतच्या काठावर भोई आणि इतर मासेमार रोहू, कटला, मरळ, वाम पकडतात. या पाण्यात मधुमेहाचे औषध किती आहे आणि त्यातल्या माशांना ते काय करते आहे, हा प्रश्न आपल्या दोन विद्यापीठांच्या दारातून वाहतो आहे.

तो काल्पनिक नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या संशोधकांनी फॅटहेड मिनो नावाचे छोटे मासे लिटरमागे ४० मायक्रोग्रॅम मेटफॉर्मिन असलेल्या पाण्यात लहानपणापासून वर्षभर वाढवले. सांडपाण्यात आढळू शकेल अशीच ही मात्रा. नरांच्या वृषणांत अंड्यांच्या पेशी दिसू लागल्या, ते आकाराने लहान राहिले, त्यांची वीण घटली. साखरेचे औषध माशाच्या प्रजननाला असा धक्का लावेल, हे सहजासहजी सुचणारे नाही. औषध माणसाला काय करते एवढेच विचारत राहिलो असतो, तर हे कळलेच नसते.

आपण हा धडा एकदा महागात शिकलो आहोत. गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक दिले जात होते. मेलेली गुरे गिधाडांनी खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. कारण उघड झाले २००४ मध्ये, पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली २००६ मध्ये, आणि तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक संपली होती. गिधाडावर कुणी आधी प्रयोग केला नव्हता, कारण औषध गिधाडासाठी नव्हतेच. दुसरे उदाहरण तर आपल्याच नदीचे. बीडच्या पाटोदा तालुक्यात उगम पावून धाराशिव-लातूर ओलांडणारी मांजरा पुढे तेलंगणात जाते. तिथे हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या औषध कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी ओढ्यांवाटे तिच्याकडे येत असे. स्वीडनच्या योआकिम लार्सन यांनी २००७ मध्ये त्या सांडपाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक मोजले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढे नसते. आणि ते मोजायला माणूस गोटेनबर्गहून यावा लागला.

ताणाचा प्रश्न इथे परत येतो, आणि या वेळी तो खरोखर माशाचा आहे. कॉर्टिसॉलची उसळी माशाला जगवते. खंड्या झेपावला, मोठा मासा अंगावर आला, की त्या क्षणी घाबरणे हेच शहाणपण. पाण्यातल्या औषधाने ही उसळी बोथट झाली, तर टाकीतल्या भाषेत मासा ‘शांत’ झाला. नदीच्या भाषेत तो कुणाचे तरी भक्ष्य झाला. काही मनोविकारविरोधी औषधांच्या अंशाने झेब्रा माशाची ताणाची प्रतिक्रिया मंदावते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. म्हणजे माणसासाठीच्या प्रयोगात जे यश म्हणून छापले जाईल, तेच नदीसाठीच्या प्रयोगात नुकसान म्हणून नोंदवावे लागेल.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. बुधवारच्या बाजारात किलोने मासे विकत घेता आणि प्रयोगातल्या चाळीस माशांसाठी गळा काढता? आक्षेपात दम आहे. पण खाल्लेल्या माशाचा उपयोग झाला हे नक्की असते. फसव्या प्रयोगातल्या माशाचा झाला नाही हेही तेवढेच नक्की. माशाला दुखत नाही, हा समज आता टिकत नाही. लिन स्नेडन यांनी २००३ मध्ये ट्राउट माशांच्या ओठांत आम्ल टोचले, तेव्हा ते तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले, डोलू लागले, खाणे टाळू लागले. मॉर्फिन दिल्यावर हे वागणे कमी झाले. आपला १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा तर माणूस सोडून प्रत्येक सजीवाला प्राणी म्हणतो. तोच कायदा रोगनिवारणासाठीच्या प्रयोगांना मोकळीक देतो, आणि दुसऱ्या मार्गाने भागत असेल तर प्रयोग टाळा असेही सांगतो. नाथांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली, ही गोष्ट पैठणला लहान पोरही सांगते. तिच्यातला भाबडेपणा मला नको. पण आपल्यासाठी राखलेले पाणी प्राण्याला कधी द्यायचे, हा हिशेब नाथांनी स्वतः केला होता एवढे लक्षात घ्यावे.

संस्थांच्या प्राणी-नैतिकता समित्यांनी म्हणूनच एक साधा प्रश्न विचारायला हवा: या प्रयोगाचे उत्तर काहीही आले तरी कुणाच्या कामी येणार? मेटफॉर्मिनने झेब्रा मासा शांत होतो की नाही, याचे उत्तर हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या पेशी-जीवशास्त्राच्या संस्था आपल्यापेक्षा चांगले देतील. त्यांच्याकडे वंश माहीत असलेले मासे आहेत, तापमान राखणारी यंत्रणा आहे. रुग्णांच्या मनावर या औषधाचा परिणाम बघायचा, तर संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज ते घेणारी माणसे रांगेत उभी असतात, आणि ती बोलू शकतात. त्यांना नैराश्याची साधी प्रश्नावली विचारायला एकही मासा मारावा लागत नाही. नाथसागरातल्या माशांचे उत्तर मात्र इथल्याशिवाय कुणी देणार नाही.

आणि आपल्याकडे त्याची तयारी आहे. मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्र विभागांनी कीटकनाशके आणि गोड्या पाण्यातले मासे यांवर कित्येक वर्षे प्रबंध लिहून घेतले आहेत. बरेचसे ठरावीक साच्याचे, अमुक मात्रेला निम्मे मासे किती तासांत मरतात याचे. तो साचा आता मोडावा. मरणाऐवजी वागणूक मोजा, एका रसायनाऐवजी मिश्रण घ्या, आणि परदेशी वाणाऐवजी इथल्या ओढ्यांतले देवारिओसारखे पट्टेरी मासे घ्या, जे झेब्रा माशाचे भाऊबंदच आहेत. पण त्याही आधी पाणी तपासा. पाण्याच्या बाटलीला नैतिकता समितीची परवानगी लागत नाही, आणि औषधाचा अंश मोजणारी यंत्रे संभाजीनगरच्या औषध उद्योगात आहेतच. विद्यापीठाने आणि उद्योगाने ठरवले तर नमुने तिथे तपासता येतील.

नमुने घ्यायचे तर मे महिन्यात घ्यावेत. तेव्हा धरणातून सहसा विसर्ग नसतो, नांदेडच्या खाली नदीपात्रात जे वाहते त्यात शहराच्या नाल्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो, डोहातले पाणी तापलेले आणि इतके उतरलेले असते की माशांची पाठ उघडी पडते. प्रयोगशाळेत जो ताण पाणी उपसून तयार करावा लागतो, तो तिथे आयता असतो, आणि औषध असलेच तर तेही त्याच पाण्यात. त्याच जागेवर पुन्हा ऑक्टोबरात, पूर ओसरल्यावर, दुसरा नमुना घ्यावा. दोन्हींतला फरक कळल्यावरच टाकीत किती मात्रा घालायची ते ठरवता येईल.